डुबुक आणि तुरटीचं पाणी

हौदातलं पाणी इतकं नितळ होतं की तळाशी पडलेली केसांतली पिनसुद्धा दिसत होती. मग अशा पाण्यात डुबुक कसा काय मेला?

डुबुक म्हणजे अचलाआत्याने बनवलेलं, कासवाएवढं, पाणी राखणारं यंत्र. गेल्या उन्हाळ्यात अकरा वर्षांची शाल्मली पोहायला शिकली ती त्याच्याच सोबतीने. आता तो टॉवेलवर निपचित पडला होता. त्याच्या तांब्याच्या सांध्यांना भोकं पडली होती.

"मीच मारलं त्याला," शाल्मली म्हणाली. आत्या ओरडली असती तर तिला बरं वाटलं असतं. पण आत्या नुसती शेजारी बसली.

"काय काय केलंस, ते क्रमाने सांग."

फेब्रुवारीत आत्या चंद्रावरच्या तळाच्या पाणीयोजनेसाठी डुबुकसारखंच यंत्र बनवायला बंगळुरूला गेली, तेव्हा शाल्मलीनेच हट्ट धरला होता, उन्हाळ्याआधी हौद मी तयार करणार! त्यांच्या नाशिकच्या टेकडीवर २०७१ साली सगळे हौद पावसाच्या साठवलेल्या पाण्याने भरत. पाणी जरा गढूळ होतं. आई माठात तुरटी फिरवते आणि गाळ खाली बसतो, हे शाल्मलीने पाहिलेलं. मग काय, तिने दहा दिवस रोज पाव किलो तुरटीची पूड हौदात टाकली. करायला गेली एक नि झालं भलतंच.

"डुबुक रोज म्हणायचा, 'शाल्मली, अल्कता घटतेय.' परीक्षा जवळ आली होती. मला कटकट वाटली. मी त्याचा आवाज बंद केला. नंतर तीन आठवडे हौदाकडे फिरकलेच नाही." तिने टॉवेलचं टोक डुबुकवर ओढलं. "पण आत्या, मी सामू बघत होते गं! नऊ दिवस आकडा जवळजवळ हललाच नव्हता."

सामू म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे सांगणारा आकडा. सात म्हणजे मधोमध, त्याखाली आम्ल. पोहायच्या पाण्याला साडेसाताच्या आसपासचा सामू मानवतो.

आत्याने पेलाभर पाण्यात जास्वंदीच्या पाकळ्या चुरडल्या आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घातला. पाणी हिरवट झालं. "आता लिंबू पिळ. थेंब थेंब."

एक थेंब, दोन, पाच, आठ. थोडा फेस आला, पण रंग हिरवटच. आणखी काही थेंब पडले आणि बघता बघता पाणी गुलाबी झालं.

"शेवटच्या थेंबांत जास्त आम्ल होतं का?" आत्याने विचारलं.

"नाही. सगळे सारखेच." शाल्मली विचारात पडली. "आधीचे थेंब सोड्याने झेलले. सोडा संपला, मग झेलायला कुणी उरलंच नाही!"

"या झेलण्याच्या ताकदीलाच अल्कता म्हणतात. पावसाच्या पाण्यात ती मुळातच कमी. तुरटी पाण्यात आम्ल तयार करते. नऊ दिवस अल्कता मार खात राहिली, म्हणून तुझा आकडा हलला नाही. ती संपली आणि सामू एकदम कोसळला. आम्लात तांबं विरघळतं. सांधे झिजले, पाणी आत शिरलं."

"त्याच्यात साठलेल्या आठवणी तरी परत येतील?"

"नाही गं. त्या गेल्या."

आत्याने हौदाकाठच्या भिंतीवरचा पडदा सुरू केला. आवाज बंद असला की डुबुक तिथे लिहायचा. शाल्मलीने तो एकदाही उघडला नव्हता. रोजच्या सूचना ओळीने होत्या. शेवटची अशी होती, 'अल्कता संपली. मला हालता येत नाही. पेपर कसा गेला, शाल्मली?'

ती हमसून हमसून रडली. आत्याने तिला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी दोघी कामाला लागल्या. आधी मोजून सोडा घातला आणि अल्कता वाढवली. थांबून पुन्हा मोजणी केली. मग सामू जागेवर आणला, आणि सगळ्यात शेवटी जंतू मारणारं क्लोरीन, तेही आत्याच्याच हाताने. पाणी चार दिवसांनी तयार झालं.

"चंद्रावरच्या यंत्राला आवाज बंद करायचं बटण ठेवू का?" आत्याने विचारलं.

शाल्मली म्हणाली, "ठेव. पण बंद करणाऱ्याने रोज स्वतः आकडा मोजून मोठ्याने सांगायचा. नाही सांगितला, तर यंत्राने पुन्हा बोलायचं."

आत्याने ते वहीत लिहून घेतलं.

आता रोज सकाळी शाल्मली पाण्यात उतरण्याआधी अल्कता मोजायची पट्टी बुडवते. डुबुक जिथे बसायचा, त्या कोपऱ्याकडे तोंड करून मोठ्याने सांगते, "अल्कता ठीक आहे. आणि पेपर चांगला गेला रे."