दाराबाहेरचं ताट

कावेरीअक्का बाजारातून परतल्या, तेव्हा पिशवीत केळीची पानं, काळे तीळ आणि दर्भाची जुडी होती. नवऱ्याचं, विश्वेश्वररावांचं, वर्षश्राद्ध होतं त्या दिवशी. लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटची रम्या भेटली. तिनं कानातली इअरफोनची बोंडं न काढता मान हलवली, अक्कांनीही हलवली. के. आर. पुरमच्या त्या उंच इमारतीत शेजारधर्म म्हणजे एवढाच. एवढा तरी उरलाय म्हणायचं!

घरात येऊन त्यांनी आधी बोळाच्या टोकाचं दार बघितलं. ते बंद होतं, नेहमीसारखं. दारासमोर स्टुलावर रात्रीचं ताट तसंच होतं. दहीभात, त्यावर लिंबाची फोड.

"हर्षा, रात्रीही जेवला नाहीस?"

"पाच मिनिटं, अम्मा," आतून आवाज आला.

आता हे हर्षाचं प्रकरण नीट सांगायला हवं. श्रीहर्ष म्हणजे अक्कांचा एकुलता एक लेक. कामाला कंपनीत, पण कंपनी याच खोलीत. दिवसा इथल्या लोकांच्या मीटिंगा, रात्री अमेरिकेतल्यांच्या. मधे माणूस झोपतो कधी, हे देवाला ठाऊक आणि देवालाही मीटिंगला बसवल्याशिवाय कळणार नाही. गेल्या वर्षी एकदा अक्का केरसुणी घेऊन आत शिरल्या. ती केरसुणी आणि तो गाऊन पडद्यावर साऱ्या कंपनीनं पाहिला, हसली मेली खदाखदा. त्या दिवसापासून हर्षानं आतून कडी लावायला सुरुवात केली. अक्का ताट दाराशी ठेवायच्या, तो सवडीनं उचलायचा. आई आणि मुलगा एका घरात, मधे एक दार आणि एक स्टूल. हा संसार!

पण खरं सांगायचं, तर गेले दोन दिवस अक्का मनातून सुखावल्या होत्या. एरवी दहा हाका मारल्या तरी पोराचं उत्तर नाही. या दोन दिवसांत पहिल्याच हाकेला ओ. आवाजही मऊ, न चिडलेला. काल तर त्या उगाचच बोळात खुर्ची टाकून बसल्या, सांबाराचं बोलल्या, गुडघ्याचं बोलल्या, आणि आतून दर वेळी "हं अम्मा... पाच मिनिटं अम्मा..." असं येत राहिलं. कुणीतरी ऐकतंय, एवढ्यानंच त्यांचे डोळे भरून आले होते. सोबतीला आतून टाइप करण्याची टकटक आणि एसीची घरघर.

दाराच्या फटीतून बर्फासारखा गार वारा यायचा. कालपासून त्याला एक आंबूस वासही होता. आंबलेलं दही असणार, असं म्हणून अक्कांनी उदबत्ती लावली.

गुरुदत्तभटजी आले. पाटावर बसून त्यांनी तांब्याला टॅब्लेट टेकवून ठेवला. श्राद्धाचा कर्ता हर्षा, आणि हर्षा खोलीतूनच लिंकवरून जोडला जाणार होता. भटजींना त्याचं नवल नव्हतं. सिंगापूर, डॅलस, सगळीकडची श्राद्धं ते असंच उरकत.

"पण अक्का, हा पलीकडच्या खोलीतला यजमान मात्र पहिलाच हं," ते म्हणाले. "भिंतीपलीकडून पितर जेवू घालायचे. काळच तसला आलाय!"

"काय करायचं भटजी, त्याला रजाच मिळत नाही."

पडद्यावर काळा चौकोन आला. चेहरा नव्हता.

"कर्ता दिसायला हवा, हर्षा."

"नेटवर्क वीक आहे... आवाज येतोय ना?"

"सरी, सरी, चालेल," भटजी म्हणाले आणि सुरू झाले. हर्षाच्या वतीनं पाणी त्यांनीच सोडलं, तीळ त्यांनीच वाहिले. काळ्या चौकोनातून मंत्र मात्र चोख येत होते, एकही अक्षर न अडखळता. लहानपणी संध्या शिकताना हाच पोरगा केवढा तोतरायचा! अक्कांनी कौतुकानं पदर तोंडाला लावला.

मग पिंड झाले. बाल्कनीच्या कठड्यावर पान मांडलं. वडे, खीर, भात, सगळं विश्वेश्वररावांच्या आवडीचं. कावळे आले. कठड्यावर ओळीनं बसले, आणि पानाला एकानंही चोच लावली नाही.

"अहो, घ्या ना," अक्का हात जोडून पुटपुटल्या. "पोराचं काही चुकलं असेल तर पोटात घाला. तो आहे कामात..."

एक कावळा कठड्यावरून खाली उतरला. तो उडाला नाही. चालत आत आला. फरशीवर त्याच्या नखांचा आवाज येत होता. भटजींच्या पाटाशेजारून, पिंडांच्या बाजूनं, मान इकडेतिकडे न वळवता तो थेट बोळात गेला. भटजींनी त्याला हुसकवायला दर्भाची काडी उचलली, ती हातातच राहिली.

कावळा हर्षाच्या दारासमोरच्या स्टुलावर चढला आणि रात्रीचा दहीभात खाऊ लागला. निवांत, घास घास. त्याच्यामागून दुसरा चालत आला.

"अक्का..." भटजींचे ओठ पांढरे पडले होते. "ते पान... कुणाचं?"

"पान कसलं? ताट आहे ते. माझ्या हर्षाचं."

"कधीपासून बाहेर आला नाही तो?"

अक्कांनी आठवायचा प्रयत्न केला. आणि मग त्या बोळातून धावल्या, गुडघ्याचं दुखणं विसरून. कावळे हलले नाहीत. अक्कांनी दोन्ही हातांनी दार बडवलं.

"हर्षा! दार उघड! हर्षा रे!"

"पाच मिनिटं, अम्मा," दारापलीकडून आलं. तांब्याला टेकलेल्या टॅब्लेटमधूनही तेच आलं, त्याच क्षणी.

भटजींनी खांद्यानं दार फोडलं. आवाजानं रम्या धावत आली, मागून मजल्यावरचे आणखी चारजण. सगळ्यांचे हात वर आणि हातात फोन. रुग्णवाहिकेला फोन करायला त्यातला एकही हात खाली आला नाही. तो फोन शेवटी भटजींनीच केला.

हर्षा टेबलावर डोकं ठेवून बसला होता. कानांवर हेडफोन, अंगावर निळा टीशर्ट. खोलीत इतका गारठा होता की भटजींना हुडहुडी भरली. डॉक्टर आले, त्यांनी पापणी उचलून पाहिली, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दोन दिवस तरी झालेत."

"छे हो," अक्का म्हणाल्या. "दोन दिवस तर तो माझ्याशी बोलतोय. कधी नव्हे ते." मग त्यांनी जो हंबरडा फोडला, तो ऐकून रम्यानं फोन खाली केला.

लॅपटॉपच्या पडद्यावर त्याच्या नावानं दोन दिवस उत्तरं गेली होती. "शुअर." "डन." "नो प्रॉब्लेम." कंपनीतून सगळ्यात आधी जो माणूस आला, तो लॅपटॉप परत न्यायला. सही घेतली, बॅगेत घातला, गेला. फुलं दुसऱ्या दिवशी आली.

अक्कांना धाकट्या बहिणीनं जयनगरला आपल्याकडे नेलं. फ्लॅटला कुलूप घातलं. सुतकातल्या एका सकाळी हर्षाच्या मॅनेजरचा फोन आला. सिद्धी तिचं नाव, मूळची पुण्याची.

"काकू, आय ॲम सो सॉरी... खरंच सॉरी. आम्हाला कुणालाच कळलं नाही हो. उलट दोन दिवस तो एवढा रिस्पॉन्सिव्ह होता, मी टीमला सांगितलं, हर्षासारखं काम करा."

अक्कांनी फोन डाव्या कानाला धरला.

"काकू, एक विचारू?" सिद्धीचा आवाज एकदम बारीक झाला. "तुम्ही आत्ता... कुठं आहात?"

"बहिणीकडे. कालपासून उंबरा ओलांडला नाही मी."

"त्याचा लॅपटॉप माझ्या कपाटात आहे. बंद. किल्ली माझ्याकडे. पण आज सकाळच्या मीटिंगला तो आला. आम्ही अकरा जणांनी पाहिला, काकू. पहिल्यांदाच त्यानं कॅमेरा सुरू केला होता. आणि त्याच्या शेजारी... तुम्ही बसला होतात. तुम्ही त्याला भरवत होतात."

अक्कांनी विचारलं, "खात होता?"

"हो," सिद्धी रडत म्हणाली. "घाईघाईनं... खूप भुकेला असल्यासारखा."

फोन कधी बंद झाला, कळलं नाही. बहीण बाजारात गेली होती. सकाळपासून त्या घरात चूलही पेटली नव्हती. कावेरीअक्कांनी उजवा हात उजेडात धरला. बोटं ओली होती, आणि नखांच्या कडांना दहीभाताची शितं लागली होती.

मागून बहीण आली. "अक्का, हे काय लागलंय? ऊठ, हात धू."

अक्कांनी मूठ मिटली आणि पदराखाली घेतली. दिवसभर त्यांनी तो हात धुतला नाही.