गिरणीच्या भिंतीवरचं शेवाळ

सीमंतिनीच्या पोटातलं बाळ मार्चमध्ये, पाचव्या महिन्यात गेलं आणि पंधराव्या दिवशी ती प्रयोगशाळेत हजर झाली. रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. नवरा, हेमेंद्र, तिला प्रयोगशाळेजवळच्या महाराज बाडा चौकात सोडायचा. "सांभाळून," एवढंच म्हणायचा.

काम जुनंच होतं. फुलझाडांना उंच वाढवणारी स्टेरॉइड संप्रेरकं वनस्पती कधीपासून बनवू लागल्या, हे शोधायचं. त्यासाठी त्यांच्या फार जुन्या भावकीकडे, शेवाळाकडे जायला हवं. बिर्लानगरच्या एका बंद गिरणीच्या भिंतीवरून तिनं ते खरवडून आणलं होतं, काचेच्या बशीत वाढवलं होतं.

एप्रिलमध्ये यंत्रानं त्यात प्रोजेस्टेरॉन दाखवलं. गर्भ टिकवणारं, बाळ जन्मताच एकदम उतरणारं संप्रेरक. वनस्पतींतही ते कणभर सापडतं, म्हणून कुणी चमकलं नाही. पुढच्या सोमवारी ते वाढलं. त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी.

"ताई, मशीन में ही कुछ गड़बड़ है," सोबत काम करणारी गरिमा म्हणाली.

"ताजं शेवाळ आण. पुन्हा कर."

गरिमानं भिंतीवरून नवं आणलं. आकडा तोच आला.

सीमंतिनीनं आलेख काढला. असाच चढ तिनं दवाखान्यातल्या तक्त्यावर पाहिला होता. बाळ राहिलं असतं, तर तिला त्या दिवशी सव्विसावा आठवडा लागला असता. शेवाळही सव्विसाव्या आठवड्याच्या रेघेवर होतं. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तिनं कागद घडी करून पर्समध्ये टाकला, हेमेंद्रला काही सांगितलं नाही.

मे गेला, जून गेला. आकडा तिच्या आठवड्यांबरोबर चढत राहिला.

"फेंक दें इसे, ताई? मला हे बरं नाही वाटत." गरिमानं बशी उचलली.

"खाली ठेव!"

आपला आवाज इतका चढला, याचंच सीमंतिनीला नवल वाटलं.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी चाळीस आठवडे भरले. अकरा वाजता गरिमा यंत्रापाशी थबकली.

"ताई, काहीच नाहीये. एकदम शून्य."

सीमंतिनी उठली. छाती दगडासारखी जड झाली होती.

गरिमा वळली, तिच्याकडे पाहत राहिली. मग गळ्यातली ओढणी काढून तिनं पुढे केली.

"घ्या, ताई. कुणी येईल."

सीमंतिनीनं खाली पाहिलं. कुर्ता दोन ठिकाणी भिजला होता, आणि दूध थांबत नव्हतं.