ड्युटी रूमचं दार

जवळ सरका, पोरांनो. मोठ्याने सांगायची गोष्ट नाही ही. माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत घडलेली आहे.

मार्चमधल्या दुसऱ्या शनिवारची रात्र. दोन चाळीस. भाची मोठ्या दवाखान्यात डॉक्टर, सलग तिसरी रात्रपाळी. वॉर्डात एक आजोबा नुकतेच गेले होते. मृत्यूच्या दाखल्याचं पुस्तक आणायला ती ड्युटी रूममध्ये आली. मिनिटभराचं काम.

त्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिथेच एका डॉक्टरला पेशंटच्या नातेवाइकांनी मारलं, तेव्हा ती उखडली. तो बिचारा वाचला नाही. कडीसाठी सात अर्ज गेले. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांचं एकच, "बघतो." भाचीचा कशावरच विश्वास उरला नव्हता. घरी आली की बुटांसकट आडवी व्हायची, आईशीही बोलायची नाही.

पुस्तक हातात घेतलं, तोच बाहेर आजोबांच्या नातेवाइकांचा गलका.

"कुठे लपलीय ती डॉक्टरीण?"

तिने दार लोटलं. टेबल सरकवायला गेली. अंगात त्राण नव्हतं.

लाथ बसली.

दार हललं नाही.

दुसरी. तिसरी. मग चारपाच जणांचा जोर...

नाही.

आणि तिला श्वास ऐकू आला. दमलेल्या माणसाचा. खोलीतच. दारापाशी.

"मी धरलंय," कुणीतरी हळू म्हणालं. "तू फोन कर."

तिने पोलिसांना फोन केला. वीस मिनिटं लागली त्यांना. वीस मिनिटं लाथा... आणि तो श्वास.

"तुम्ही... कोण?"

पोलिसांनी नुसतं बोट लावलं, दार उघडलं. आत ती एकटीच.

सकाळी साहेबांनी कागद पुढे केला. "किरकोळ बाचाबाची झाली, एवढंच लिहा."

"नाही लिहिणार. कडी नव्हती, गार्ड नव्हता, हे लिहीन. आणि कडी बसेपर्यंत रात्री इथे कुणी एकटं थांबणार नाही."

"नोकरी जाईल."

"मग घरी जाऊन झोपेन, सर. बरेच दिवस झोपले नाहीये."

तिच्यामागे सगळे डॉक्टर, नर्स येऊन उभे राहिले. कुणी जागचं हललं नाही.

दुपारी सुतार आला.

कडी ठोकता ठोकता त्याचा हात थांबला. दाराच्या आतल्या बाजूला ओल होती. दोन खांदे, मधे पाठ. चांगल्या उंच माणसाची. माझी भाची जेमतेम पाच फूट.

तीनदा रंग दिला त्यावर.

परवा मी स्वतः हात लावून पाहिला.

ओलं होतं...

कोमट.