कवचातली भीती

इरावती खोपकरच्या झिपरी कोंबड्यांची पहिली पिल्लं घारीने उचलली ती भर दुपारी, तिच्या डोळ्यांदेखत. एकही पिल्लू पळालं नाही की लपलं नाही. सगळी माना वर करून घारीकडे कौतुकाने बघत राहिली. घारीलाही घाई करायचं कारण उरलं नाही. ती पुन्हा पुन्हा आली आणि शेवटी अंगण रिकामं झालं.

पायांवर पिसांची झालर असलेली ही गावठी जात केव्हाच नामशेष झाली होती. गोठवून ठेवलेल्या बीजपेशींपासून इरावतीने ती परत आणली होती. हाडापेराने पिल्लं अस्सल झिपरी होती. मग चुकलं कुठे?

उत्तर उबवणी यंत्रातच होतं. आता अशा प्रत्येक यंत्रात शांतनाद वाजतो, म्हणजे एक मंद, अखंड घुमारा. कवच फोडण्याआधीचे काही दिवस पिल्लू ऐकू लागतं आणि तेव्हा ऐकलेलं जन्मभर विसरत नाही. पूर्वी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसून पिल्लांशी बोलायची. घार दिसली की तिचा आवाज बदलायचा आणि भीती कवचातच शिकून व्हायची. पण पोल्ट्रीच्या दाटीत भ्यालेल्या कोंबड्या एकमेकींवर चढून मरायच्या, म्हणून शांतनाद आला. काही पिढ्यांतच इशाऱ्याची हाक पुसली गेली. जिने ती कधी ऐकलीच नाही, ती कोंबडी पिल्लांना काय शिकवणार?

"मग हाक मी देईन," इरावतीने ठरवलं.

दुसऱ्या खेपेला तिने यंत्रातला नाद तोडून टाकला. अंड्यांचे दिवस भरत आले तशी ती दिवसभर यंत्राशी बसू लागली. मधूनच घसा खरवडून एक कर्कश हाक काढायची आणि त्याच क्षणी ऊब किंचित उतरवायची, जणू कोंबडी दचकून अंड्यांवरून उठली. पडद्यावर इवली काळजं धडधडताना दिसायची. ती परत ऊब वाढवायची, थांबायची आणि पुन्हा ओरडायची. आवाज बसला, तरी तिने सोडलं नाही.

तिची भाची चारुता बाळंतपणासाठी तिच्याकडे आली होती, तीन वर्षांच्या लेकीला, रेवाला, घेऊन. चारुताला ते हाका मारणं बघवेना. "आत्या, बाहेर यायच्या आधीच घाबरवायचं त्यांना? जीव आहेत गं ते."

"जीव आहेत म्हणूनच."

चारुताचा हात पोटावरच्या पट्ट्याकडे गेला. त्यातूनही शांतनादच झरत होता, माणसांसाठी बेतलेला. हल्ली सगळ्याच गर्भवतींना तो पट्टा देतात. रेवाच्या वेळीही तिने तो बांधला होता. रेवा कधी किंचाळली नाही, कधी दचकून उठली नाही. येणारं-जाणारं म्हणायचं, किती गुणी पोर!

अंड्यांना चिरा गेल्या. ओली, दमलेली पिल्लं यंत्रातच सुकून फुलली. मग इरावतीने ती टोपलीत घालून ब्रूडरमध्ये, पिल्लांच्या उबदार खुराड्यात नेली. भाताच्या तुसावर, दिव्याच्या उबेत ती एकेक करून सोडली आणि प्रत्येकाची चोच पाण्यात बुडवून त्याला पाणी दाखवलं. पिल्लं टोचू लागली, तशी तिने पुठ्ठ्याची घार वरून सरकवली आणि हाक दिली.

क्षणात तूस उडालं. सगळी पिल्लं दिव्याच्या छपराखाली घुसली आणि दगडासारखी निश्चल झाली.

इरावतीचे डोळे भरून आले. चारुताच्या अंगावरही शहारा आला होता. रेवा मात्र हसत पुढे झाली आणि आवाज कुठून आला ते बघायला इरावती आजीच्या तोंडात डोकावली.

चारुता तिच्याकडे बघतच राहिली. "परवा ही विहिरीच्या काठावर पाय सोडून बसली होती," ती हळूच म्हणाली. "मी जिवाच्या आकांताने ओरडले, तर वळून हसली. मला वाटलं, धीट आहे." मग तिने विचारलं, "हिला आता शिकवता येईल?"

"बाहेर आल्यावर पिल्लं शिकत नाहीत."

"मी रेवाचं विचारतेय."

"नाही ठाऊक. तिला हाताला धरून, सांगून सवरून वाढवावं लागेल. तिच्यावरून नजर हटवून चालणार नाही."

चारुताने पट्टा सोडून बाजूला ठेवला. "आणि पोटातल्या ह्याचं? पट्टा काढला की पुरे?"

"पिल्लांच्या बाबतीत नुसता नाद तोडून भागलं नसतं. भीती कुणीतरी द्यावी लागली."

"मग दे."

"चारू, पिल्लांचं मला कळलंय. माणसाचं नाही. उलटंही होईल, बाळ जन्मभर भेदरलेलं राहील."

"भेदरलेल्याला मी कुशीत घेईन." चारुता पाटावर बसली, पाठ ताठ केली आणि दोन्ही हात पोटाखाली धरले. "ओरड, आत्या."

इरावती तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. मग वाकून तिने बसल्या आवाजात हाक दिली.

पोट एकदम हललं. आतला जीव उसळला, आखडला आणि एका कुशीला अंग चोरून गप्प झाला. चारुताचा चेहरा पांढराफटक पडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात जागचे हलले नाहीत.

"पुन्हा," ती म्हणाली.