मोटर मोडते कुठे?

खाड्! खाड्! मामाने पहारीने खोक्याची फळी उचकटली, आत डोकावलं आणि पहार अशी भिरकावली, की समोरच्या भिंतीचा पोपडा उडाला.

"मेली! हीसुद्धा मेली!"

बारक्या चटकन टेबलाखाली शिरला. सुट्टीच्या दहा दिवसांत तो एवढं नक्की शिकला होता, की मामाचा पारा चढला की आधी टेबल गाठायचं आणि मग काय झालं ते विचारायचं.

झालं होतं ते वाईटच. मामा बोटीच्या मागे लावायच्या मोटरी दुरुस्त करायचा. मावशी तिकडे लांब, दीड दिवसाच्या वाटेवर, समुद्रावरच्या बचाव चौकीची बोट चालवायची. तिच्या बोटीची मोटर जळाली, म्हणून मामाने एक पाठवली. ती दांडा वाकून पोचली. दुसरी पाठवली, तर तिचं खालचं कवचच फुटलं. तीच आता परत आली होती.

"मावशी काय म्हणाली फोनवर?" ताईने विचारलं. ताई म्हणजे बारक्याची बहीण, वय वर्षं तेरा.

"वल्ही मारत गेली होती ती," मामा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "लाटेने वल्हं उलटं फिरवलं, ते थेट तोंडावर बसलं. दोन दात पडले. बुडणारा माणूस कसाबसा वाचला. शुक्रवारपर्यंत मोटर बसली नाही, तर चौकीला कुलूप लागणार. मग तिथे कोणी बुडालं, तर बुडालं!"

बारक्या टेबलाखालून बाहेर आला.

"दुसऱ्या कोणाकडून पाठवू या ना!" ताई म्हणाली.

"घरपोच नेणारे दुप्पट मागतात गं. आपण गोदामात नेऊन द्यायची, तिकडे तिने गोदामातून उचलायची, हेच परवडतं. आणि गोदामातला तो मुकादम म्हणतो, तुमचं पॅकिंग कच्चं! माझं पॅकिंग! मोटर चौकटीला उभी बोल्टने आवळलेली, पेट्रोलचा थेंब न् थेंब काढलेला, चहूबाजूंनी दोन इंच फळ्या! रस्तेच भिकार आहेत, दुसरं काय!" मामाने डब्याला लाथ घातली. डब्यातले नटबोल्ट खळाखळा सांडले आणि मामा अंगठा धरून एका पायावर नाचू लागला.

"बाबा, हे काळं काय आहे?"

ही मामाची मुलगी, शंभरप्रश्न. खरं नाव हजेरीपटात, इतरत्र हेच. ती खोक्याच्या तळाशी वाकली होती. एका कोपऱ्यात काळा, अर्धगोल डाग होता.

"असेल काहीतरी!" मामा अंगठा चोळत बाहेर गेला.

तिघांनी मागच्या अंगणातून पहिलं खोकं ओढून आणलं. त्याच कोपऱ्यात तसाच डाग! बारक्याने बोट घासून वास घेतला.

"रबर! टायरचा डाग आहे हा!"

"दोन खोकी, दोन वेगळे ट्रक, आणि डाग एकच?" शंभरप्रश्नने डोळे बारीक केले. "म्हणजे हे वाटेत झालं नाही. कुठल्या तरी एकाच जागी झालंय. खोकं टेम्पोतून उतरवताना बाबा कुठे असतात?"

"खिडकीवर," ताई म्हणाली. "आधी पावती, मग माल, असा नियम आहे त्यांचा. खिडकी पलीकडच्या बाजूला. इकडे ते फोर्कलिफ्टने, त्या काटेवाल्या गाडीने, माल उतरवतात. पावतीवर तसं छापलेलंच असतं."

"पण बघितलंय कोणी?"

कोणीच बघितलं नव्हतं!

"मामाला सांगू या?" बारक्याने विचारलं.

"वेडा आहेस का? बाबा आधी हाणतील आणि मग बघतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी मोटर टेम्पोत चढली. मामाकडची ती शेवटची. एकशेवीस किलोचं धूड! ताईने खोक्याभोवती साखळी गुंडाळली आणि तिचं दुसरं टोक टेम्पोच्या पुढच्या कडीत अडकवलं.

"घट्ट बांधतेस, शाब्बास!" मामा म्हणाला. 'घरी जातो' असं सांगून निघालेली तिन्ही पोरं गुपचूप ताडपत्रीखाली शिरली आहेत, हे त्याला कुठे ठाऊक होतं!

गोदामात टेम्पो थांबला. मामा कागद घेऊन खिडकीकडे गेला. लगेच मुकादमाची शिट्टी वाजली.

"चला, चला! अजून चार गाड्या आहेत!"

ताडपत्रीच्या फटीतून तिघं बघू लागली. शेजारच्या टेम्पोवर दोन हमाल चढले होते. एक दांडगा, त्याला सगळे पहिलवान म्हणत, आणि एक काडीसारखा. खाली एक जुना टायर पडला होता. दोघांनी एका फ्रिजचं खोकं कडेला आणलं आणि, "हा... हप्!"

धाड्! खोकं टायरवर आदळलं, उसळलं आणि आडवं झालं. आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

"पोती अशीच उतरवतो की आम्ही!" काडी खिदळला.

"मोटर इथेच मोडते!" शंभरप्रश्न कुजबुजली. "चारशे मैलांच्या रस्त्यावर नाही, पहिल्या पाच मिनिटांत!"

काडीने टायर त्यांच्या टेम्पोमागे सरकवला आणि पहिलवान वर चढला. त्याने खोक्याला खांदा लावला.

"थांबा!" ताई ताडपत्रीतून उसळली.

पण पहिलवानाचा रेटा बसला होता. खोकं कडेवरून सरकलं. खण्ण! साखळी ताणली गेली आणि खोकं अर्धं बाहेर, अर्धं आत अडकून राहिलं. पहिलवान मात्र अडकला नाही! तो खोक्यावरून पलीकडे गेला, टायरवर आपटला आणि मनगट धरून विव्हळू लागला.

"कोण आहेत रे ही कार्टी?" मुकादम धावत आला. त्याने ताईला दंडाला धरून खाली खेचलं. तिचं ढोपर फरशीवर फुटलं. बारक्या मध्ये पडला, तर खाडकन त्याच्या कानाखाली बसली! डोळ्यांपुढे काजवे चमकले. शंभरप्रश्नने या वेळी एकही प्रश्न विचारला नाही. तिने मुकादमाच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

"आई गं!"

त्या ओरड्याने मामा धावत आला. भाच्याचा लाल गाल, भाचीचं रक्ताळलेलं ढोपर! मग काय विचारता! मामाची मूठ मुकादमाच्या नाकावर बसली. काडीने मामाला मागून मिठी मारली. पहिलवानाने धडक दिली, मामाचा ओठ फाटला. चौघं फरशीवर लोळले, फ्रिजवर आपटले, पोती फुटली. मामा आल्यावर बारक्याला आधार वाटला होता, पण आता त्याला मामाचीच काळजी वाटू लागली. कारण मुकादमाने आता पोती ओढायचा लोखंडी आकडा उचलला होता!

"मामा, मागे!"

मामा वाकला. आकडा पोत्यात घुसला. बारक्याने खालून मुकादमाच्या पायांना मिठी मारून त्याला पाडलं आणि मुकादम उठायच्या आत तो पळत सुटला. कोपऱ्यात फोर्कलिफ्ट होती. तो तिच्यावर चढला आणि थबकला. सीटवर काहीतरी चिवचिवत होतं.

पाँ... पाँ... पाँ! शंभरप्रश्नने टेम्पोच्या हॉर्नवर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार टाकला होता. वरच्या कार्यालयाचं दार उघडलं आणि जिन्यावरून गोदामाच्या मालकीणबाई खाली आल्या.

"आकडा खाली टाक!" त्या कडाडल्या. आकडा खण्णकन पडला. "काय चाललंय हे?"

"बाई, ही पोरं माल चोरत होती!" मुकादम नाक धरून म्हणाला. "आम्ही नेहमीसारखं फोर्कलिफ्टने उतरवत होतो."

"खोटं!" ताई ओरडली. "टायरवर ढकलतात! आमच्या दोन्ही खोक्यांवर डाग आहेत!"

"फोर्कलिफ्ट रोज चालवतो बाई," मुकादम म्हणाला. " काल संध्याकाळीसुद्धा चालवली!"

"मग आता चालवून दाखवा ना!" बारक्या वरून ओरडला. "पण जरा जपून हं! इथे तीन पिल्लं आहेत!"

मालकीणबाई जवळ गेल्या. सीटवर चिमणीचं घरटं होतं. तीन चोची एकदम उघडल्या. स्टिअरिंगपासून काट्यांपर्यंत कोळ्याची जाळी होती.

"काल संध्याकाळी?" बाईंनी मुकादमाकडे वळून विचारलं.

मुकादमाने मान खाली घातली. "बॅटरी उतरलीय बाई. तीन महिने झाले. सांगायचं राहून गेलं."

"तुझं सांगायचं राहिलं, आणि तिकडे माझ्या बहिणीचे दात गेले!" मामा पुन्हा मूठ आवळून पुढे झाला. ताईने त्याचा हात धरला.

"मामा, पुरे. आधी मोटर."

मामाने तिच्या ढोपराकडे पाहिलं, मग हळूच मूठ उघडली.

मुकादमाची शिट्टी बाईंनी तिथेच काढून घेतली. खिडकीचा नियमही मोडला. माल उतरेपर्यंत माल आणणाऱ्याने त्याच्यापाशीच उभं राहायचं, असं ठरलं. पिल्लं उडेपर्यंत फोर्कलिफ्ट हलवायची नाही, म्हणून मामाने घरून कप्पी आणली आणि मोटर इंचाइंचाने ट्रकात चढवली. पहिलवानाने दुखऱ्या मनगटासह दोर धरला. "चुकलं रे पोरा," तो बारक्याला पुटपुटला. दोन मोडक्या मोटरींची भरपाई आणि या खेपेचं भाडं बाईंनी स्वतःवर घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी फोन वाजला. पलीकडून आधी नुसता घरघराट ऐकू आला.

"ऐकलंत?" मावशी ओरडली. दात नसल्यामुळे तिचा उच्चार जरा बोबडा झाला होता. "पहिल्या झटक्याला सुरू झाली! दुपारी बसवली आणि तासाभरात बोलावणं आलं. एक बाप आणि त्याचा मुलगा, उलटलेल्या होडीला धरून होते. वल्ह्यांनी पोचले नसते रे. आणले दोघांनाही!"

"मुलगा केवढा आहे?" बारक्याने विचारलं.

"तुझ्याएवढाच. गोधडीत गुंडाळून बसवलाय माझ्याजवळ. तुमचं तिघांचं सगळं सांगितलंय त्याला."

मामाने फाटक्या ओठाने हसायचा प्रयत्न केला आणि कळवळला. "माझ्या मुठीने काहीच झालं नाही," तो म्हणाला. "तुम्ही तिघांनी नीट बघितलंत, म्हणून झालं. शाब्बास रे पोरांनो!"

"बाबा, आता तुम्ही मारामारी सोडणार का?" शंभरप्रश्नने विचारलं.

मामाने फोन बारक्याकडे सरकवला. फोनमध्ये एका मुलाचा थरथरता आवाज आला, "हॅलो?" आणि बारक्याने दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला.