काठोकाठ भरलेली बाटली

फौजदार मानसिंग कोंडे जेवायला बसतच होते, तेवढ्यात शाळेचा कारकून धापा टाकत दारात आला.

"साहेब, चला! विज्ञानाच्या खोलीत स्फोट झालाय. एका पोराचा डोळा गेला."

वाढलेलं ताट तसंच सोडून मानसिंग निघाले.

साल एकोणीसशे छत्तीस. भोर संस्थानात, नीरेकाठच्या विद्यासाधक हायस्कुलात इंग्रजी चौथीचा वर्ग त्या सोमवारी प्राणवायू तयार करायला शिकत होता. रसायनशास्त्राचं त्या मुलांचं पहिलंच वर्ष. पुण्याहून आलेले शाळातपासनीस मागच्या बाकावर बसले होते. नारायण खासनीस मास्तरांनी परीक्षानळीत पांढरं पोटॅश घेतलं, त्यात मँगनीजची काळी पूड मिसळली आणि नळी तापवली. दरवर्षी या प्रयोगात पाण्यातून बुडबुडे येतात. या वर्षी नळीच फुटली. मास्तरांचे दोन्ही हात भाजले. स्पिरिटचा दिवा धरून उभ्या असलेल्या वेल्ह्याच्या कुंडलिकच्या डाव्या डोळ्यात काच गेली.

हेडमास्तरांनी गुन्हेगार आधीच धरून ठेवला होता. शाळेचा शिपाई गेनबा.

"बाकं पुसली नव्हती म्हणून शनिवारी खासनीसांनी ह्याला सगळ्यांदेखत झापलं," हेडमास्तर म्हणाले. "त्याचा राग काढला, दुसरं काय! बाटलीत काहीतरी कालवलं."

"न्हाई साहेब," गेनबा म्हणाला. "म्या शनवारी दुपारीच आंबवड्याला भनीकडं गेलो, त्यो आज सकाळी आलो."

"आल्यावर ही खोली कुणी झाडली?" मानसिंगांनी विचारलं.

"म्याच."

"कपाट?"

"त्येला कुलूप असतंया. बाटल्यांना हात लावायची आमाला बंदी हाय."

तपासनीसांना संध्याकाळच्या आत कुणीतरी गजाआड हवं होतं. मानसिंगांच्या मनाला पटत नव्हतं. तरी त्यांनी गेनबाला कोठडीत बसवलं. वरच्यांपुढे मान तुकवायची सवय वाईट. घरी गेल्यावर त्यांना घास गोड लागला नाही.

त्याआधी त्यांनी एक काम मात्र केलं होतं. विज्ञानाची खोली नीट पाहिली.

टेबलावर मँगनीजची जाड काचेची बाटली होती. प्रयोगापुरती पूड काढूनही जवळजवळ काठोकाठ भरलेली. वर्गातल्या दोन मुलींपैकी सौदामिनी नावाची मुलगी अजून दाराशी उभी होती. तिला मानसिंगांनी जवळ बोलावलं.

"ही बाटली तू आधी पाहिली होतीस?"

"गेल्या आठवड्यात गुरुजींनी आम्हा सगळ्यांच्या हातात दिली होती. म्हणाले, निम्मीच आहे, तरी किती जड बघा. मँगनीज दगडासारखं जड असतं."

मानसिंगांनी बाटली उचलली. पूड गच्च भरलेली, तरी एका हातात सहज उचलली गेली. त्यांनी वाटीत पाणी घेऊन वरची चिमूटभर पूड टाकली. ती तरंगत राहिली.

"कोळसा," ते पुटपुटले.

राग काढणारा माणूस चोरून चिमूटभर कालवतो आणि पळतो. निम्मी बाटली भरून कोण ठेवतो?

मग त्यांचं लक्ष फळ्याकडे गेलं. फळा नवा काळा केलेला होता. खाली भिंतीवर काळा ओघळ वाळला होता. त्यांनी तो नखानं खरवडला, चुरडला, दुसऱ्या वाटीतल्या पाण्यात टाकला. तो बुडाला आणि तळाशी बसला. मानसिंग कुणाला काही बोलले नाहीत.

मंगळवारी सकाळी ते दवाखान्यात गेले. खासनीस मास्तर उघड्या अंगानं खाटेवर बसले होते, दोन्ही हातांना पट्ट्या. जानव्याला एक लहान किल्ली बांधलेली होती.

"कपाटाची हीच ना?"

"हीच. एकच आहे."

"सदा तुमच्याजवळ असते?"

"छे! मास्तरांच्या खोलीत खुंटीला असते. गेनबाला ठाऊक आहे. काल सकाळी मी ती काढून जानव्याला बांधली."

मानसिंगांनी वाकून पाहिलं. गाठ आवळून आवळून कवडीसारखी टणक झाली होती, आणि गाठीच्या आसपासच्या सुतावर गंजाचा तांबूस डाग मुरला होता.

"बाटली उचलताना हलकी नाही लागली?"

"तपासनीस समोर बसले होते. घाई झाली."

"प्रयोगाआधी चिमूटभर तापवून बघायची रीत असते, असं ऐकतो."

"असते." मास्तरांनी मान खाली घातली. "काल राहिलं."

एवढं सगळं बोलणं झालं. पण बाटलीत काय निघालं, हे खासनीसांनी एकदाही विचारलं नाही.

तिथून मानसिंग शाळेत गेले. चंद्राबाई नावाची विधवा व्हरांडा सारवत होती. नवरा गेल्यापासून शाळेचं सारवण आणि फळे काळे करणं तिच्याकडेच होतं.

"बाई, फळे कधी केलेत?"

"शनवारी. हेडमास्तर म्हनले, पुन्याचा सायब येनार, फळे काळेभोर पायजेत."

"कशानं करता?"

"धोतऱ्याचा पाला वाटायचा, त्यात कोळशाची पूड कालवायची. पर गेल्या हप्त्यात वेल्ह्याकडनं कोळसेवाले आलेच न्हाईत. लई पंचाईत झाली बगा."

मानसिंग तिथंच पायरीवर बसले. "मग काय केलंत, ते सगळं सांगा," ते म्हणाले. चंद्राबाईनं हात न थांबवता सांगितलं.

दुपारी ते गेनबाला कोठडीतून काढून, हेडमास्तरांना सोबत घेऊन, पुन्हा दवाखान्यात आले. आता त्याच खोलीत पलीकडच्या खाटेवर कुंडलिकला आणून निजवलं होतं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. त्याचा बाप रखमाजी आदल्या दिवशी कामासाठी वेल्ह्याहून गावातच आला होता; बातमी कळताच दवाखान्यात धावला होता. तो उशाशी बसून होता.

"मास्तर, सांगू का तुम्ही सांगता?" मानसिंग म्हणाले.

खासनीस हातांच्या पट्ट्यांकडे पाहू लागले.

"मग ऐका. बाटलीत तळाशी मँगनीज आहे आणि वर कोळसा. फळ्यावर मात्र कोळसा नाही, मँगनीज आहे. काल मी दोन्ही पाण्यात टाकून पाहिलं; एक तरंगलं, एक बुडालं. म्हणजे बाटलीतली पूड फळ्यावर गेली आणि फळ्याचा कोळसा बाटलीत आला. शनिवारी फळ्यांना कोळसा मिळेना. चंद्राबाई मास्तरांकडे आली. 'तुमच्या कपाटात काळी पूड हाय, उसनी द्या, परवा फेडते,' म्हणाली."

"आणि खासनीसांनी दिली?" हेडमास्तर म्हणाले.

"तुम्ही तिच्यामागे लागला होतात ना. मास्तरांनी कपाट उघडलं, 'घे थोडी' म्हणाले. रविवारी तिनं सासवडच्या जावेकडून आलेला कोळसा घरी कुटला, वस्त्रगाळ केला. सोमवारी सकाळी आली तेव्हा मास्तर तपासनीसांपुढे करायच्या भाषणाची उजळणी करत होते. मान वर न करता त्यांनी कपाट उघडून दिलं आणि म्हणाले, ठेव तिथं. आपल्याकडे उसनं घेतलेलं पीठ ज्या डब्यातून आलं त्याच डब्यात घालतात, आणि घेतलं त्याहून शीग लावून घालतात. तिनं तेच केलं. तिच्या लेखी काळी पूड ती काळी पूड. पोटॅश आणि कोळसा एकत्र तापवला की स्फोट होतो, हे तिला कोण सांगणार?"

"पण किल्ली तर खुंटीला..." हेडमास्तर बोलायला लागले.

"किल्ली जानव्यावरून कधी उतरतच नाही. रोज सोडली-बांधली असती, तर गाठ अशी टणक झाली नसती, सुतावर गंज मुरला नसता. कपाट दोन्ही वेळा मास्तरांनीच उघडलं. खुंटीची थाप मारली, तिथंच मला कळलं. आणि बाटलीत काय निघालं हे त्यांनी विचारलं नाही, कारण नळी फुटली त्याच क्षणी त्यांना ते कळलं होतं."



"मी तिच्यासाठी गप्प बसलो," खासनीस शेवटी म्हणाले. "निराधार बाई. तिचं नाव आलं असतं..."

"तिनं लपवलंय कुठं? मी विचारलं, तिनं सांगितलं. तिला वाचवायचं तर 'चूक माझी' एवढंच म्हणायचं होतं. मग गेनबाला का कोंडू दिलंत?"

मास्तर खाटेच्या कडेला सरकले. "माझ्या मुलीचं, नलूचं, लग्न ठरलंय. नोकरी गेली तर मोडेल. मला वाटलं, गेनबाविरुद्ध पुरावा नाही, सुटेल चार दिवसांनी." ते थांबले. "स्वतःसाठी गप्प बसलो. दुसरं काही नाही."

गेनबा भिंतीला टेकून उभा होता. तो ओरडला नाही.

"मास्तर, काल माज्या बायकूला इहिरीवरनं मोकळ्या घागरीनं परत धाडलं. पोराचा डोळा फोडनाऱ्याची बायकू म्हून. चार दिस म्हंजी लई झाले असते."

मानसिंगांनाही त्याच्याकडे बघवेना. कोठडीचं कुलूप त्यांनीच लावलं होतं. "माझीही चूक आहे, गेनबा," ते म्हणाले. हेडमास्तर खिडकीबाहेर पाहत राहिले.

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून बारीक आवाज आला. "गुरुजी, म्हंजी माज्यामुळं न्हाई फुटलं?"

सगळे वळले. कुंडलिक अंथरुणात उठून बसला होता.

"मला वाटलं, म्या दिवा लई जवळ धरला. तुमचे हात माज्यामुळं भाजले."

रखमाजीनं तोंडावर पटक्याचा शेव दाबला. "म्या ह्याला कालधरनं लई बोललो," तो म्हणाला. "गुरुजींचं वाटुळं केलंस म्हनलं. रातभर रडलं प्वार, त्या पट्टीखाली."

लग्न, नोकरी, तपासनीस, सगळं खासनीसांच्या मनातून गळून पडलं. ते खाटेवरून उतरले. कुंडलिकच्या खाटेशी गेले आणि खाली जमिनीवरच बसले. पोराचा हात हातात घ्यावा असं त्यांना फार वाटलं, पण बोटं पट्ट्यांत होती.

"तू दिवा बरोबर धरला होतास, बाळ," ते म्हणाले. "मी शिकवलं होतं, अगदी तसाच."