तिसरा शॉर्टकट

आजचीच गोष्ट सांगतो, मधे बोलू नका. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस, भुताखेतांशी आपलं काय काम? दुपारी अक्कलकोट रोडवरच्या एका चादरीच्या कारखान्यात गेलो होतो. वर डिझाइनची खोली, तिथं महादेवीवहिनी बसतात. खाली त्यांचा नवरा निंगप्पा माग चालवतो. वर्षश्राद्धाला वाटायच्या चादरींवर मयताचं नाव विणून देतात की, ती नावं वहिनी टाइप करतात. फाइल तिथून थेट मागावर जाते.

वहिनींचा डावा हात पूर्वी पट्ट्यात सापडून गेलाय. नक्षीच्या विंडोतून नावांच्या विंडोत जायला माऊस सोडून दोन बटणं एकदम दाबायची, ते एका हाताला लई अवघड. म्हणून डेस्कटॉपवर दोन शॉर्टकट करून दिले. एकावर क्लिक केलं की नक्षी पुढं येते, दुसऱ्यावर नावं.

"आन् ह्यो तिसरा कशाचा?" वहिनींनी विचारलं.

तिसरा मी केलाच नव्हता. त्यांनी क्लिक केलं. आम्ही उघडलीच नव्हती अशी एक विंडो पुढं आली. 'कै. निंगप्पा यांच्या प्रथम पुण्यस्मरणार्थ.' खाली तारीख आजचीच, फक्त साल पुढचं. पहिलं वर्षश्राद्ध तेव्हा, म्हणजे माणूस जायचा तो आज. रोज हेच टाइप करणाऱ्या बाईला ते सांगावं लागलं नाही.

कुणीतरी चेष्टा केली असेल म्हणालो. विंडो बंद केली, शॉर्टकट उडवला. तो परत तिथंच. वहिनींनी नवऱ्याचं नाव खोडलं. जागा क्षणभर कोरी राहिली, मग एकेक अक्षर पुन्हा उमटलं.

"कोरं ऱ्हाईना, दादा..." त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी जिन्यातून हाक मारली. माग थांबवून निंगप्पानं ओ दिली, काय गं म्हणाला. काही न्हाय म्हणून त्या परत आल्या, डोळे पुसले आणि खुर्चीत नीट बसल्या. मी सामान भरत होतो. सुताचा वास एकदम नाकात भरला.

"दादा, तुमचं पूर्ण नाव काय? रजिस्टरात लिहायचं असतंय."

"गुरुशांत नागप्पा बिराजदार," मी बॅगेची चेन ओढत म्हणालो.

रजिस्टर टेबलावर मिटलेलंच होतं. एका बोटानं टाइप केल्याचा आवाज तेवढा येत होता. मी वळेपर्यंत तो थांबला. स्क्रीनवर शॉर्टकट दोनच उरले होते.

खालून निंगप्पाचा आवाज आला, "अगं, ह्यो गुरुशांत बिराजदार कोन?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं नाही.

"आदी इणून घ्या," त्या म्हणाल्या.